सहा हजार माणसं, एक खासदार, एक सिनेटर आणि भरपूर धुकं : सँ पिएर आणि मिकलाँ

नकाशावेडा (धागाकर्ता)

कॅनडात शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नियम कायम फिरत असतो. स्टडी परमिट किंवा वर्क परमिट चालू आहे पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय अशा माणसाला देशाबाहेर जाऊन परत यायचं असेल तर एरवी नवीन व्हिसा काढावा लागतो, पण फक्त अमेरिकेत जाऊन आलात तर चालतं, किंवा सँ पिएर आणि मिकलाँला जाऊन आलात तर चालतं. अमेरिका समजलं हो. पण हे दुसरं नाव कुठून आलं? ते बघायला गेलो आणि त्यातच अडकलो, म्हणून हा धागा.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलँड हे थोरलं बेट आहे, त्याच्या दक्षिणेला बुरिन नावाचा जमिनीचा सुळका खाली आलाय, आणि त्याच्यासमोर समुद्रात साधारण 20-25 किलोमीटरवर ही बेटं. पॅरिसपासून 4000 किलोमीटरच्या वर. तरी फ्रान्सची. म्हणजे नुसती नावापुरती नाही, युरो चालतो, पोलीस म्हणजे फ्रेंच जाँदार्म, शाळेचा अभ्यासक्रम फ्रेंच, भिंतीतलं प्लगचं सॉकेटसुद्धा फ्रेंच.

एकूण क्षेत्रफळ 242 चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं, आणि वस्ती सहा हजाराच्या आत. त्यात गंमत अशी की सँ पिएर हे बेट जेमतेम 26 चौरस किलोमीटरचं पण जवळजवळ सगळी माणसं तिथेच, कारण बंदर तिथे आहे. मिकलाँ-लाँग्लाद हे दुसरं बेट कितीतरी मोठं पण तिथे मिकलाँ गावात पाच-सहाशे लोक, बाकी लाँग्लाद म्हणजे उन्हाळ्यात जाऊन राहायची घरं. मिकलाँ आणि लाँग्लाद ही खरं तर दोन वेगळी बेटं होती, मधे समुद्र होता, अठराव्या शतकात वाळू साचत साचत दहा-बारा किलोमीटरचा पट्टा तयार झाला आणि ती जोडली गेली. त्या पट्ट्यावर धुक्यात किती जहाजं आपटून फुटली त्याला गणतीच नाही. सगळ्यात उंच डोंगर 240 मीटर. हवा वर्षभराची सरासरी धरली तर पाच-साडेपाच अंश. जवळच थंड लॅब्राडोर प्रवाह आणि गरम गल्फ स्ट्रीम एकमेकांना भिडतात, त्यामुळे ऐन जून-जुलैत धुकं, आणि त्याच्यामुळेच मासळीही.

आता माझं म्हणणं. या बेटांबद्दल कुठेही वाचायला जा, दारूची तस्करी आणि शिकागोचा गुंड अल कपोन. ते प्रकरण मोजून तेरा वर्षांचं. बेटं फ्रान्सकडे का राहिली, तिथे माणसं का आली, आजचं सरकार असं का आहे, या सगळ्याचं उत्तर एकच आहे ते म्हणजे कॉड मासा. 1763 मध्ये पॅरिसचा तह झाला, फ्रान्स युद्ध हरला होता, अख्खा कॅनडा इंग्रजांना देऊन टाकला आणि बदल्यात हट्टाने काय मागून घेतलं तर ही दोन खडकाळ बेटं, आपल्या मच्छीमारांना आसरा म्हणून, आणि तेही तटबंदी करायची नाही या अटीवर. कॅनडा गेला तरी चालेल पण कॉड पाहिजे! त्यानंतरही इंग्रजांनी 1778 ला आणि 1793 ला येऊन घरंदारं मोडून लोकांना हाकलून दिलं, शेवटी 1816 पासून जी फ्रान्सकडे आहेत ती आजतागायत.

---

तळलेला बांगडा

मस्त धागा. आमच्याकडे बोंबील वलांडीवर टाकतात तसं हे लोक कॉड वाळवत असणार, पण त्या धुक्यात वाळायचा कसा? आणि मीठ कुठून आणायचे?

---

नकाशावेडा

बांगडाभाऊ, बरोबर जागी बोट ठेवलंत. मीठ फ्रान्समधून जहाजाने यायचं, आणि मासा आधी खारवून मग किनाऱ्यावर दगडगोटे पसरून मोकळी मैदानं केलेली असायची त्यावर मांडायचे. त्या मैदानांना तिथे ग्राव म्हणतात. ऊन पडलं की पसरायचे, धुकं आलं की गोळा करून झाकायचे, परत ऊन आलं की परत पसरायचे, दिवसभर हेच. या कामाला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून बारा-चौदा वर्षांची पोरं आणायचे हंगामापुरती, त्यांना ग्राविए म्हणत. गरीब घरातली पोरं, राबवून राबवून घ्यायचे त्यांना. रंगीत लाकडी घरांचे फोटो सगळे टाकतात, या पोरांबद्दल कोणी लिहीत नाही.

बंदराच्या तोंडावर इल ओ मारँ म्हणून एक चिमुकलं बेट आहे, आधी त्याचं नाव कुत्र्यांचं बेट होतं. एकेकाळी तिथे सहा-सातशे माणसं होती, चर्च, शाळा, सगळं. 1960 च्या दशकापर्यंत रिकामं झालं. आता उन्हाळ्यात बोटीने लोक बघायला जातात, घरं आणि ते ग्राव अजून दिसतात.

---

निवांत

नकाशावेडा, तुम्ही कितीही कॉड कॉड करा, मी इथे अल कपोनसाठीच आलोय :) तेरा तर तेरा वर्षं, सांगा की!

---

नकाशावेडा

घ्या. 1920 ला अमेरिकेत दारूबंदी आली. कॅनडात दारू गाळायला परवानगी होती पण अमेरिकेत थेट पाठवायची अडचण, मग कागदोपत्री माल फ्रान्सला निर्यात, म्हणजे सँ पिएरला, आणि तिथून पुढे रात्री बोटीत. सँ पिएरवाल्यांच्या दृष्टीने सगळं कायदेशीर होतं, ते आयात करतात, कर भरतात, विकतात, गिऱ्हाईक पुढे कुठे नेतं ते बघायचं काम त्यांचं नाही. मासळीचे कारखाने दारूची गोदामं झाली. लाकडी खोक्यांचा बोटीत फार आवाज होतो म्हणून बाटल्या काढून गोणपाटात बांधायचे, आणि उरलेली खोकी एवढी की लोकांनी जळण म्हणून वापरली, घरं बांधली. कटी सार्क व्हिस्कीच्या खोक्यांचं एक घर तर त्या नावानेच प्रसिद्ध आहे. कपोन स्वतः आला होता असं सांगतात आणि त्याची म्हणून एक टोपीही दाखवतात एका हॉटेलात. टोपीचं काय, कोणाचीही असेल.

पण पुढचं ऐका. मच्छीमारांनी बोटी सोडून गोदामात खोकी उचलायचं काम धरलं कारण पैसा जास्त आणि जीवाला धोका नाही. 1933 ला दारूबंदी उठली आणि सगळं एका फटक्यात बसलं. परत कॉडकडेच आले ना शेवटी!

---

घाटावरचा

सगळं ठीक. पण सरळ शब्दात सांगायचं तर ही वसाहतच ना? 2025 मध्ये युरोपातल्या देशाची अमेरिका खंडात वसाहत, आणि आपण कौतुकाने धागे काढतोय. पाँडिचेरी सोडली ना त्यांनी, मग हे का नाही सोडत?

---

वकीलबुवा

घाटावरचा, शब्द जपून. पाँडिचेरीत फ्रेंच येण्याआधी लोक राहत होते आणि त्यांना भारतात यायचं होतं. इथे आज जे राहतात ते बास्क, ब्रेटन आणि नॉर्मन मच्छीमारांचे वंशज, शिवाय इंग्रजांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हाकललेले अकादियन फ्रेंच. त्यांच्या वापरातल्या झेंड्यावर या तिन्ही प्रांतांची चिन्हं आहेत, बास्क, ब्रिटनी, नॉर्मंडी. बास्क लोकांचा चेंडू भिंतीवर मारायचा पेलोटा खेळ आहे ना, त्याची भिंत गावात 1906 पासून उभी आहे. मग ही वसाहत कोणी कोणाची केली?

आता सरकार कसं चालतं ते सांगतो कारण ते खरंच बघण्यासारखं आहे.

1946 ला फ्रान्सचा सागरपार प्रदेश झाला. 1976 ला पॅरिसने ठरवलं की याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा द्यायचा, म्हणजे फ्रान्सच्याच कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप-मार्टिनिक बेटांसारखा. ऐकायला बढती वाटते. पण त्याने युरोपीय बाजाराचे नियम आणि जकात लागू व्हायला लागली, आणि यांचा सगळा माल येतो कॅनडातून! लोक वैतागले. शेवटी 1985 ला तो दर्जा काढून वेगळी व्यवस्था दिली आणि 2003 पासून तिला सागरपार समूह म्हणतात. दर्जा कमी झाला म्हणून लोक खूश, असं उदाहरण दुसरं आठवत नाही.

आज तिथे 19 सदस्यांची टेरिटोरियल कौन्सिल आहे, 15 सँ पिएरचे, 4 मिकलाँ-लाँग्लादचे, मुदत सहा वर्षं. कर किती लावायचा, जकात काय घ्यायची, बांधकामाचे नियम, हे कौन्सिल ठरवते. न्याय, पोलीस, शिक्षण, चलन, परराष्ट्र हे पॅरिसकडे आणि पॅरिसचा माणूस म्हणून प्रिफेक्ट बसलेला असतो. खाली दोन नगरपालिका. वर एक खासदार आणि एक सिनेटर. खासदाराचा हा फ्रान्समधला सगळ्यात छोटा मतदारसंघ आहे, मतदार पाच हजाराच्या आसपास. आपल्याकडे मोठ्या गावच्या सरपंचाला याहून जास्त मतं पडतात.

युरोपियन युनियनमध्ये नाही, पण नागरिक फ्रेंच म्हणून युरोपीय संसदेला मत देतात. शेंगेनमध्ये पण नाही. मतदान शनिवारी होतं, फ्रान्समध्ये रविवारी, कारण घड्याळ मागे आहे आणि पॅरिसचे निकाल ऐकून कोणी मत द्यायला जाऊ नये म्हणून.

---

सई_सेंटजॉन्स

मी न्यूफाउंडलँडमध्येच राहते त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. इथल्या मेमोरियल युनिव्हर्सिटीची फ्रेंच शिकणारी मुलं सँ पिएरला राहायला पाठवतात, फ्रेंच शिकवणारी एक मोठी संस्था आहे तिथे. आणि तिथलं फ्रेंच क्यूबेकसारखं नाही बरं का, ऐकायला बरंचसं फ्रान्सचंच.

जायचं असेल तर फॉर्च्युन गावातून फेरी आहे, साधारण तास-दीड तास, समुद्र कसा आहे त्यावर. उतरल्यावर घड्याळ अर्धा तास पुढे करायचं, हो अर्धा तासच, कारण न्यूफाउंडलँडचं घड्याळच मुळात अर्ध्या तासावर आहे. दुपारी दुकानं बंद!! आपल्याला पुण्याचं नाव घेऊन हसायची सवय आहे पण तिथे खरंच दारावर पाटी पालटलेली असते. घरं सगळी लाकडी आणि भडक रंगाची, दारापुढे रस्त्यावर पुढे आलेली एक छोटी खोपटीवजा खोली असते, तांबूर म्हणतात, तिथे बूट-बर्फ झटकून मग आत, वारा घरात शिरत नाही. बेकरीत ब्रेड खरा फ्रान्ससारखा, वाइन-चीज फ्रान्सचं, पण बाकी भाजीपाला वगैरे हॅलिफॅक्सवरून जहाजाने, वादळ आलं की फळी रिकामी. महागाई भयंकर.

व्हिसाबद्दल एक सांगते, तो कॅनडाचा नियम परत आत येण्यापुरता आहे. तिथे उतरायला फ्रान्सची परवानगी वेगळी, आणि वकीलबुवा म्हणाले तसं शेंगेन नाही, त्यामुळे पॅरिससाठी काढलेला व्हिसा आपोआप चालेल असं धरून फेरीचं तिकीट काढू नका. आधी फ्रेंच वकिलातीला विचारा.

---

घाटावरचा

वकीलबुवा, वसाहत नाही मान्य करू घटकाभर. पण मग हे चालतं कशावर? सहा हजार लोकांसाठी प्रिफेक्ट, कोर्ट, हॉस्पिटल, विमान, फेरी, खासदार. मासे तर संपले ना?

---

नकाशावेडा

हाच तर मुद्दा, मासे संपले. आणि कसे संपले ते वाचलं की राग येतो.

किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतची मासळी त्या देशाची, असा नियम आला तेव्हापासून कॅनडा आणि फ्रान्स भांडत होते की या बेटांभोवतीचा समुद्र कोणाचा. 1988 ला सँ पिएरहून क्र्वा-द-लॉरेन नावाचं ट्रॉलर मुद्दाम वादातल्या पाण्यात मासेमारीला गेलं, त्यावर खलाश्यांबरोबर बेटाचे निवडून आलेले पुढारी पण होते, कॅनडाने सगळ्यांना पकडून सेंट जॉन्सला नेऊन तुरुंगात घातलं. दोन मित्रदेश बरं का हे, नाटोमधले!

शेवटी लवाद बसला आणि 10 जून 1992 ला निकाल लागला. फ्रान्सने मागितलं होतं त्यातला पाचवा हिस्सासुद्धा मिळाला नाही. मिळालं काय तर बेटांभोवती थोडं पाणी आणि तिथून दक्षिणेला जाणारी साडेदहा सागरी मैल रुंद, जवळपास दोनशे मैल लांब अशी एक चिंचोळी पट्टी. नकाशात बघा, हसू येतं. लोक त्याला 'बागेत' (baguette) म्हणतात, म्हणजे तो लांबडा फ्रेंच पाव. चारी बाजूंनी कॅनडाचं पाणी.

आणि निकाल लागून महिना व्हायच्या आत, जुलै 1992 मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलँडच्या पूर्वेच्या कॉडवर बंदी घातली कारण मोठमोठ्या ट्रॉलरनी साठाच संपवला होता, पुढच्या वर्षी सँ पिएरच्या आसपासच्या कॉडवर पण बंदी. म्हणजे ज्याच्यासाठी भांडले तो मासाच गेला. 1994 ला करार झाला त्यात त्या भागातल्या कॉडच्या कोट्यातला 15.6 टक्के फ्रान्सला, बाकी कॅनडाला. कोटाच छोटा असेल तर त्याच्या 15.6 टक्क्यांचं काय लोणचं घालायचं.

मग चालतं कशावर? पॅरिसच्या पैशावर. सरळ आहे. सरकारी नोकऱ्या सगळ्यात जास्त, त्यांना सागरपार म्हणून वाढीव भत्ता.

---

घाटावरचा

म्हणजे माझाच मुद्दा. पोसलेली वस्ती.

---

सई_सेंटजॉन्स

घाटावरचा, पोसलेली म्हणणं सोपं आहे. 1992 नंतर न्यूफाउंडलँडमध्ये तीसेक हजार लोकांचं काम गेलं, किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी झाली, लोक अल्बर्टाला तेलाच्या कामाला निघून गेले, मी ती गावं पाहिलीत. सँ पिएर मात्र गाव म्हणून टिकलं, शाळा चालू आहे, हॉस्पिटल चालू आहे. तरुण शिकायला फ्रान्सला नाहीतर कॅनडात जातात आणि बरेच परत येत नाहीत हे खरं, वस्ती हळूहळू कमी होतेय, पण फरक डोळ्यांना दिसतो. मला तरी तो पैसा वाया गेला असं वाटत नाही.

---

वकीलबुवा

सईताई +१. शिवाय फ्रान्स दानधर्म करत नाहीये. बेटं आहेत म्हणून तो समुद्र आहे, तिथला मासा आहे, आणि उत्तर अमेरिकेत पाय ठेवायला जागा आहे.

तसा हिशोब दुसऱ्या महायुद्धात पण झाला होता. फ्रान्स पडल्यावर बेटावरचा गव्हर्नर विशी सरकारकडे, म्हणजे जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारकडे. 24 डिसेंबर 1941 ला, लंडनहून जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सचा नेता दगॉल याच्या हुकमाने ॲडमिरल म्यूझलिए तीन कॉर्व्हेट (छोट्या युद्धनौका) आणि सुर्कूफ पाणबुडी घेऊन आला, गोळी न झाडता बेटं घेतली आणि दुसऱ्या दिवशी नाताळातच लोकांचं मत घेतलं, जवळजवळ सगळे स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल मात्र चिडला, कारण त्यांची विशीशी बोलणी चालू होती. पर्ल हार्बर होऊन तीन आठवडे झाले नव्हते आणि वॉशिंग्टनमध्ये या एवढ्याशा बेटांवरून वाद.

---

निवांत

अमेरिकेवरून आठवलं, ट्रम्पच्या त्या टॅरिफच्या तक्त्यात हे नाव होतं ना? मला तेव्हा वाटलं टायपो आहे.

---

नकाशावेडा

होतं! एप्रिल 2025, आणि तेही 50 टक्के, आफ्रिकेतल्या लेसोथोबरोबर सगळ्यात वर. त्यांचं सूत्र असं होतं की व्यापारातली तूट भागिले आयात, आणि त्याचं निम्मं. आदल्या वर्षी इथून मासळीची एक मोठी खेप अमेरिकेत गेली होती आणि तिकडून यांनी जवळपास काही घेतलं नाही, कारण घेतात ते कॅनडा आणि फ्रान्सकडून. झालं, सूत्रात बसले. नंतर 10 टक्क्यांवर आणलं.

त्याच महिन्यात फ्रान्समधल्या एका बड्या उजव्या नेत्याने, लोराँ व्होकिए, अशी कल्पना काढली की देश सोडायचा हुकूम झालेल्या परदेशी लोकांना सँ पिएर-मिकलाँला नेऊन डांबायचं, थंडी-पावसात बसले की बरोबर निर्णय घेतील म्हणे. बेटावरचे पुढारी खवळले, की आम्ही फ्रेंच आहोत का तुमची काळ्या पाण्याची जागा? घाटावरचा, वसाहतीची मानसिकता बघायचीच असेल तर ती इथे बघा.

---

घाटावरचा

हे मात्र पटलं.

---

तळलेला बांगडा

माझा प्रश्न राहिलाच, आता बोटी काय पकडतात मग?

---

नकाशावेडा

थोडा कॉड, हॅलिबट, शिंपले, खेकडा, समुद्री काकडी, ती आशियात जाते विकायला. आणि लॉबस्टर, त्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत चांगलंच वाढलंय. समुद्र गरम होतोय त्याच्याशी संबंध जोडतात.

समुद्राचं दुसरं टोक मिकलाँ गावात बघा. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटरवर, एका बाजूला समुद्र, मागे पाणथळ. 2014 च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष ओलाँद आले होते तेव्हापासून किनाऱ्यालगत नवीन बांधकाम बंद करायचा विषय निघाला, लोक आधी भडकले की बापजाद्यांची जागा आहे. मग वादळात पाणी घरांपर्यंत आलं तसं मत बदलत गेलं, आणि आता अख्खं गाव थोडं लांब उंचावर हलवायचं ठरलंय, कामं सुरू झालीत. सगळ्यांना पटलंय असं नाही, म्हातारी माणसं म्हणतात आम्ही आहोत तोवर इथेच.

---

तळलेला बांगडा

आमच्या इथे बंधारा मागून मागून थकले लोक. हलवायचं तर जागा कोण देणार हाच प्रश्न येतो. त्यांना जागा आहे, माणसं कमी आहेत.

---

निवांत

नकाशावेडा, गिलोटिनचं विसरलात का मुद्दाम? मी कुठेतरी वाचलं होतं.

---

नकाशावेडा

मुद्दाम नाही, पण तेही प्रत्येक लेखात असतंच. 1889 मध्ये एका खुन्याला शिक्षा झाली, ओग्युस्त नेएल. फ्रेंच कायद्यात देहदंड गिलोटिनने, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्राने, आणि बेटावर गिलोटिन नाही. मग मार्टिनिकहून जहाजाने मागवलं. ते आलं तर चालवायला कोणी तयार होईना, शेवटी कसाबसा एक जण मिळाला. कॅरिबियन बेटं सोडली तर उत्तर अमेरिकेत गिलोटिन वापरल्याची ही एकच वेळ. ते यंत्र तिथल्या म्युझियममध्ये आहे.

---

सई_सेंटजॉन्स

आहे, आणि लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात :(

---

वकीलबुवा

पुढचा धागा वॉलिस आणि फुतुनावर काढा बुवा. फ्रान्सचंच, पण पॅसिफिकमध्ये, आणि तिथे तीन राजे आहेत, उवेआ, आलो आणि सिगाव्ह अशी तीन राज्यं.

---

घाटावरचा

प्रजासत्ताकात राजे? फ्रान्समध्ये? ज्यांनी स्वतःच्या राजाचं मुंडकं उडवलं त्यांच्यात?

---

वकीलबुवा

1961 च्या कायद्यात लिहून दिलंय की तिथल्या रूढी-परंपरा पाळल्या जातील, आणि त्या राजांना सरकारी तिजोरीतून मानधनही मिळतं. नकाशावेडा, घ्या मनावर.